भाऊसाहेबांच्या मांडीवरचे चुरमुरे

"वीतभर खडी कमी आहे! वाटेत कुणाला विकलीस?" भाऊसाहेब इंगवले कडाडले.

माझा थोरला भाऊ निवृत्ती डंपरमधून खाली उतरला. तो भाऊसाहेबांच्याच डंपरवर ड्रायव्हर होता. डोंगरातल्या क्रशरवरून खडी भरायची आणि गावाबाहेर भाऊसाहेबांचं मंगल कार्यालय उभं राहत होतं, तिथं ओतायची, हे त्याचं काम.

"विकली नाही साहेब. बसली."

"बसली? खडी काय पाहुणी आहे बसायला?"

मुकादम दिनकर फिदीफिदी हसला. आग त्यानेच लावली होती. क्रशरवर हौदा काठोकाठ भरून, वर फळी फिरवून गाडी सुटते आणि इथं पोचते ती वीतभर रिकामी, हे त्यानेच साहेबांच्या कानात घातलं होतं.

"साहेब, धक्क्यांनी खडी दबते. मधल्या फटी बुजतात. कुठल्याही ड्रायव्हरला विचारा."

"चोराची साक्ष चोरालाच विचारू? दगड कधी दबतो का रे? ऐक! उद्या काठोकाठ भरून निघायचं आणि काठोकाठच पोचायचं. वाटेत मूठभर भर घालायची नाही. बोटभर जरी कमी भरली, तर तुला पोलिसात देतो. मग या तालुक्यात तुला कुणी हातगाडीसुद्धा ढकलायला देणार नाही!"

दादाचं तोंड उतरलं. चोर हा शब्द एकदा चिकटला की धुऊन निघत नाही. मी तिथं असतो तर हातात दगडच घेतला असता. दादाने डोकं खाजवलं, मग हळूच हसला.

"उद्या आणतो साहेब. पण चोराबरोबर राखणदार नको? तुम्हीच बसा माझ्या शेजारी."

"बसेन! मी काय घाबरतो का तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत क्रशरवर हजर झाले. हौदा भरला, फळी फिरली. साहेबांनी स्वतः चाकावर पाय देऊन वर डोकावून खात्री केली. मग ते केबिनमध्ये बसले, तर दादाने पत्र्याचा एक मोठा डबा पुढे केला.

"हे काय?"

"चुरमुरे. आमच्या आईने कामावरच्या बायकांना पाठवलेत. मागे ठेवले तर धूळ बसेल. जरा मांडीवर धराल का?"

"मी? डबा धरू?"

"माझ्याजवळ कसा ठेवू साहेब? मी पडलो चोर. वाटेत निम्मे फस्त करीन! काठोकाठ आहेत ना, नीट बघून घ्या. झाकणही तुम्हीच लावा."

साहेबांनी वरून हात फिरवून चुरमुरे सारखे केले, झाकण लावलं आणि स्वतःचं उपरणं काढून वरून करकचून गाठ मारली.

"आता खाऊन दाखव!"

डंपर निघाला. क्रशरपासून गावापर्यंतचा रस्ता आदल्याच वर्षी भाऊसाहेबांनी ठेका घेऊन बांधला होता. रस्ता नवा, त्यामुळे खड्डेही नवेच होते. साहेबांची मोटार मात्र तिकडे कधी फिरकत नसे. एरवी दादा ते खड्डे चुकवत चुकवत जायचा. त्या दिवशी त्याने एकाही खड्ड्याला नाराज केलं नाही.

धाड!

"अरे हळू! डोकं आपटलं माझं!"

"हळूच आहे साहेब. रस्ता कुणी केलाय कुणास ठाऊक!"

"पुढे बघून चालव!"

धाड! धाड!

"आई गं! कंबर गेली माझी!"

"डबा सोडू नका साहेब! बायका भुकेल्या आहेत!"

ही गोष्ट सांगताना दादा इथं उठून उभा राहायचा आणि साहेब कसे उडत होते ते करून दाखवायचा. मला तसं जमत नाही. तो गेला, म्हणून मला सांगावी लागते.

तर डंपर कार्यालयापाशी पोचला. दिनकर टुणकन चाकावर चढला आणि ओरडला, "वीतभर कमी आहे साहेब!"

कंबर धरून उतरणारे भाऊसाहेब तिथेच ताठ झाले. "सापडलास! बोल, कुठे गेली माझी खडी?"

"तुम्ही तर शेजारीच होता. गाडी कुठं थांबली?"

"थांबली नाही. पण... पण मी धक्के खात होतो! माझं लक्ष नव्हतं!"

"बरं, खडीवर नव्हतं. डब्यावर तरी होतं ना?"

"त्याला मी क्षणभरही सोडलं नाही!"

"मग जरा उघडा."

साहेबांनी गाठ सोडली, झाकण काढलं आणि डब्यात बघतच राहिले. काठोकाठ भरलेले चुरमुरे चांगले चार बोटं खाली गेले होते.

दादाने हात जोडले. "भाऊसाहेब, गाठ तुमची, मांडी तुमची, रस्ताही तुमचाच. खरं सांगा, चुरमुरे कुणाला विकलेत?"

दिनकर चाकावरून घसरून खाली बसला. साहेबांनी एकदा डब्याकडे बघितलं, एकदा हौद्याकडे. आणि मग त्यांचं पोट गदगदू लागलं! दुखरी कंबर दोन्ही हातांनी धरून ते खो खो हसले. "मेलो रे! हाडं खिळखिळी केलीस आणि वर मलाच चोर ठरवलंस! माग, काय हवं ते माग!"

"कंबर बरी झाली की मागतो साहेब."

"थांब, मीच देतो! या कार्यालयात पहिलं लग्न तुझं. हॉल, मांडव, जेवणावळ, सगळं माझ्याकडून!"

"पण साहेब, मुलगी?"

"तेवढी तू बघ. वऱ्हाड मी आणतो!"

दादाने मुलगी बघितली ती क्रशरपलीकडच्या गावातली, म्हणजे वऱ्हाड त्याच रस्त्याने येणार होतं. त्यामुळे आठवडाभरात सगळे खड्डे बुजले. खडी टाकायला दादाचाच डंपर होता आणि घमेली उचलायला मुकादम दिनकर. आणि वैशाखात त्या नव्याकोऱ्या कार्यालयात पहिल्या अक्षता पडल्या त्या माझ्या दादाच्या डोक्यावर!