लाल दिव्यांचे हेडफोन

जंगलात हेडफोन नुकतेच मिळू लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. मी ससा, आणि फजिती माझीच. नदीपलीकडे सासरी असलेल्या बहिणीनं मला गाणं रेकॉर्ड करून पाठवलं होतं. ते ऐकायला हेडफोन घ्यावेत म्हणून मी हंगामभर साठवलेल्या शेंगा घेऊन सुगरण पक्षिणीच्या दुकानात गेलो.

"भाऊ, आधी लावून बघा," सुगरण म्हणाली.

"एवढ्या लांब कानांच्या सशाला शिकवतेस?" म्हणत मी लाल दिव्यांची जोडी उचलली. सगळ्या शेंगा संपल्या. शेजारच्या चिचुंद्रीमावशींनी मात्र एकेक जोडी लावून ऐकली आणि निम्म्या शेंगांत साधी काळी जोडी घेतली.

माझ्या जोडीत नुसतं धुमधुम वाजायचं. तरी चार दिवस मी जंगलभर तिची तारीफ करत हिंडलो. शेवटी मावशींनी आपली जोडी माझ्या कानांवर चढवली. गाणं संपल्यावर बहीण हळूच म्हणत होती, "दादा, मी आजारी आहे. भेटून जा."

मी धावतच नदीपलीकडे गेलो. ती उशीला टेकून बसली होती.

"चार दिवस काय करत होतास?"

"हेडफोनचं कौतुक," मी म्हणालो.

ती इतकी हसली, की तिला खोकला आला. मी पाणी आणायला उठलो.