तेल्याच्या साळूची तिन्हीसांज

ऐक जिवतीआई, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, लेकरं मांडीशी ओढा. आजची कहाणी त्यांचीच आहे, आपण नुसत्या ऐकायला बसलोय.

आटपाट एक नगर. नगराला वेस, वेशीपाशी देवीचं देऊळ, देवळापुढं उंच दीपमाळ. देवळासमोर तेल्याचं घर. दारात घाणा, घाण्याला बैल, माजघरात तेलाचे बुधले. नगरातला एकूण एक दिवा या घरच्या तेलावर जळे. म्हाताऱ्या तेल्याला त्याचा केवढा अभिमान! घरात एक रीत होती. संध्याकाळी आधी देवळातला दिवा लागायचा, तो दारातून दिसायचा, मग घरातली वात पेटायची. तोवर काळोख. पाहुणा आला तरी काळोख. श्रावणात देवळात पूजा लांबायची, तर मग काय विचारता, काळोखच काळोख. जिवतीपुढचं निरांजन तेवढं या रीतीतून सुटलेलं. "नगराचा दिवा आधी, आपला मागून," म्हातारा छाती काढून सांगे. आणि श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी दीपमाळेची पहिली पणती या घरच्या लेकरानं लावायची, असा मान होता.

तेल्याला तीन सुना. थोरलीची पोरं धाकात वाढलेली. तिनं डोळे वटारले की पोरं जागच्या जागी थिजत. मधलीची पोरं लाडात वाढलेली. रडली की गूळ, रुसली की खोबरं. धाकटी भिवरा. तिला एकच लेक, साळू. सहा वर्षांची.

साळू दिवसा कशी? तर दृष्ट लागावी अशी. सुपातल्या तिळातला खडा तिनं बोट लावून काढावा, तो मोठ्यांना दिसूही नये. बैल कुणाचं ऐकेना, पण साळूनं "हो रे राजा" म्हटलं की चालू लागे. भिवरा मनात म्हणे, माझी लेक शंभरांत एक आहे. पण चैत्रात साळूला गोवर आला. गोवर उतरला, पोर उठली, हिंडूफिरू लागली, आणि तेव्हापासून तिन्हीसांजेची तऱ्हाच बदलली. दिवस कलला की पोर ओसरीच्या खांबाला मिठी मारून उभी राही. पाणी आण म्हटलं, येईना. फारच ओरडलं तर येई, आणि येताना तांब्या लाथाडी, पोरांच्या अंगावर पडे, बुधला कलंडे. घर म्हणू लागलं, पोर दिवसा गुणाची, सांजेला अवगुणाची.

मग श्रावण आला. पहिला शुक्रवार आला. भिंतीवर जिवतीचा कागद लावला, पुरणाचा नैवेद्य केला, पोरांचे पाट मांडले. तिन्हीसांज झाली. भिवरानं ताट घेतलं, निरांजन लावलं, हाक मारली, "साळे, ये, ओवाळते." सगळी पोरं बसली. साळू खांब सोडीना. थोरलीनं दंड धरून ओढली. पोर धडपडली, हात ताटाला लागला, ताट पालथं, निरांजन विझलं. सगळ्या बायांनी तोंडावर हात ठेवला.

थोरली म्हणाली, "भिवरे, तुझा हात हलका आहे. दोन घाल पाठीत." भिवरानं काय केलं? मोठ्या जावेचं ऐकलं. दोन घातल्या. पोर रडली नाही, नुसती आईकडं पाहत राहिली. भिवराला मात्र त्या दिवशी पुरण गिळवलं नाही.

मग दुसरा शुक्रवार आला. मधली म्हणाली, "मारून कधी मूल वळलंय? गोड बोलावं, हातात काही द्यावं." मग दुपारीच लाडू दिला, लाकडी घोडा दिला. साळू हसली, घोडा छातीशी धरला, म्हणाली, "काकी, आज मी नक्की येईन पाटावर." तिन्हीसांज झाली. साळूनं खांब सोडला, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं थेट ताटात. निरांजन विझलं. मधली म्हणाली, "हिला कशाचीच चाड नाही गं बाई!" आणि घोडा काढून घेतला.

मग तिसरा शुक्रवार आला. मामंजी म्हणाले, "हे धाकानं होईना, लाडानं होईना. पोरीला बाहेरचं लागलं." देवऋषी आला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली, लिंबू उतरलं, पैसे घेतले, गेला. तिन्हीसांज झाली. पोर खोकत खोकत आली, पाटाला ठेचकाळली, निरांजन विझलं. तिसऱ्यांदा विझलं.

तेव्हा म्हातारा उठला. तो काय म्हणाला? "आमच्या तेलावर सगळं नगर उजळतं, आणि आमच्या घरात दिवे मालवणारी पोर! यंदा दीपमाळेची पाळी हिची. तिथं पणती पाडली तर तोंड कुठं लपवू? आता शेवटचा शुक्रवार. ताट पडलं, की हिला मामाच्या गावी पोचवायचं. तिथंच वाढू दे, तिथंच लग्न होऊ दे. या उंबऱ्याला परत नको." साळूचा बाप खाली मान घालून उभा. बापासमोर बोलायची त्याची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिवरा घाण्यापाशी बसून रडत होती. तिथं एक म्हातारी आली. एक लेकरू कडेवर, एक बोटाला, एक पदराला. म्हणाली, "बाई, तळहातभर तेल दे गं, पोरांच्या टाळूवर घालते." भिवरानं डोळे पुसले, चांगलं वाटीभर तेल दिलं. म्हातारीनं विचारलं, "तेलाच्या घरची सून तू, तुला रडायला काय झालं?" भिवरानं सगळी हकीगत सांगितली.

म्हातारी म्हणाली, "थोरलीनं काय केलं? मारलं. मधलीनं काय केलं? लाडू दिला. सासऱ्यानं काय केलं? धुरी दिली. बरं, पोर खांबाला का धरून राहते, हे कुणी पाहिलं?"

भिवरा म्हणाली, "आजीबाई, रोजच तर पाहतो की."

"उभ्यानं पाहता. तुला एक वसा सांगते, घेशील?"

"घेईन. पण मला झेपेल असा सांगा."

"तिन्हीसांजेला सगळं काम सोडावं. लेकराचा पाट घ्यावा, त्याच्यावर आपण बसावं. लेकराएवढं व्हावं. रागवू नये, गोंजारू नये, शिकवू नये. ते जिकडं पाहतं तिकडं पाहावं आणि वाट बघावी. घेतलास तर अर्ध्यावर टाकू नकोस, आणि चारचौघींत मिरवू नकोस."

भिवरानं कडेवरच्या लेकराला गूळ द्यायला मागं वळून डबा उघडला. परत पाहते तर अंगणात कुणी नाही. धुळीत लहान लहान पावलं तेवढी उमटलेली.

मग भिवरानं वसा घेतला. सांज झाली. सून चूल सोडून पोरीच्या पाटावर येऊन बसली. थोरली म्हणाली, "वा! आता आई पाटावर बसणार आणि लेक भाकऱ्या थापणार!" मधली खुदकन हसली. भिवरानं नजर लेकीवरून हलवली नाही. पहिल्या दिवशी तिनं काय पाहिलं? साळू खांबाला धरते ती हट्टानं नाही. अंगणातली पोरं जवळून पळाली की ती अंग चोरते आणि पकड घट्ट करते. दुसऱ्या दिवशी काय पाहिलं? पोर पाऊल टाकायच्या आधी अंगठ्यानं जमीन चाचपते. तीच पोर, जी दिवसा अंगणभर गिरक्या घेते.

तिसऱ्या दिवशी ती पाट घेऊन खांबाच्या अगदी समोर बसली. काळोख दाटला. भिवरानं दोन्ही हात पसरले, तोंडभर हसली. मनात म्हणाली, गोंजारायचं नाही, शिकवायचं नाही, मग नुसत्या हातांनी बोलावते. साळूचे डोळे टक्क उघडे. तोंड आईकडंच. पण पोर हसली नाही, हलली नाही. थोड्या वेळानं हळू आवाजात म्हणाली,

"आई, तू गेलीस का गं?"

बायांनो, आई दोन हातांच्या अंतरावर बसलेली, हात पसरून. आणि लेक विचारते, गेलीस का. भिवरानं तिला उचलून छातीशी धरलं. ज्या हातांनी पाठीत दोन घातल्या होत्या, ते हात तिला आपले वाटेनात.

तिनं जावांना सांगितलं, "पोरीला सांजेचं दिसत नाही." थोरली म्हणाली, "तिळातला खडा वेचणारीला दिसत नाही? तुला बरी गोष्ट रचता येते!" नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "खरं असेल, पण बाबांना कोण सांगणार?" भिवरा म्हणाली, "कुणी सांगू नका. मी दाखवते."

मग शेवटचा शुक्रवार आला. भिवरा उठली, न्हाली, पुरण घातलं, जिवतीला हळदकुंकू वाहिलं. दारात गाडी जुंपून ठेवली होती. साळूचं गाठोडं गाडीत होतं. तिन्हीसांज झाली. देवळात पूजा चालू, तिथला दिवा लागायचा होता. पोरं पाटावर बसली. साळू खांबाशी. सगळं घर श्वास धरून उभं.

तेव्हा भिवरानं काय केलं? बुधल्याचं तोंड सोडलं. पणत्या मांडल्या. खांबापासून पाटापर्यंत, इकडं एक, तिकडं एक.

थोरली ओरडली, "अगं, देवळाचा दिवा लागला नाही अजून! पिढ्यांची रीत मोडतेस?"

भिवरा म्हणाली, "अक्का, रीत मी सांभाळीन, पण आधी लेक." घाईत वाती वाकड्या पडल्या, पेटेनात. तोच शेजारी कुणीतरी वाकलं. मधली जाऊ होती. तिनं मुकाट्यानं वाती सरळ केल्या आणि भिवराबरोबर एकेक पणती लावली. ओसरी लख्ख झाली.

भिवरा पाटामागं गुडघे टेकून बसली, लेकीएवढी झाली. म्हणाली, "साळे, ये."

साळूनं आधी पणत्यांकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं. हसली. खांब सोडला. कुणी ओढलं नाही, कुणी लाडू दाखवला नाही. तुरुतुरु आली, परकर सावरला, पाटावर मांडी घालून बसली. भिवरानं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ताट ओवाळलं. निरांजनाची ज्योत हलली नाही.

तेवढ्यात म्हातारा घाण्यावरून आत आला. उजेड पाहून भडकला. "कुणी लावले हे दिवे? कुणाची हिंमत झाली?"

"मी लावले, मामंजी," भिवरा म्हणाली. "पोरीला काळोखात दिसत नाही. गोवर उतरल्यापासून दिसत नाही. आपण तिला मारलं, आमिष दाखवलं, धुरी दिली. उजेड तेवढा दिला नाही, आणि उजेड विकणारं घर आपलं."

म्हातारा साळूकडं वळला. "का गं पोरी, मग कधी बोलली नाहीस?"

साळू म्हणाली, "मला वाटलं, काळोखात कुणालाच दिसत नाही. तुम्ही सगळे धीट, म्हणून चालता. मी एकटीच भित्री."

थोरलीनं पदर डोळ्यांना लावला. जी कधी रडत नसे, ती रडली.

मग भिवरा उभी राहिली. त्या घरात आल्यापासून ती अशी कधी उभी राहिली नव्हती. म्हणाली, "ऐका सगळे. हिला काही दिसत नव्हतं. तरी आपण हाक मारली की ही खांब सोडायची. पडेन हे ठाऊक असून पाऊल टाकायची. मार बसेल हे ठाऊक असून यायची. या घरात माझ्या लेकीएवढं धीट कुणी नाही. तुम्ही नाही, मी नाही."

म्हातारा वळला. तो बाहेर गेला. सगळ्यांना वाटलं, गाडी हाकायला गेला. त्यानं काय केलं? गाडी सोडली, बैलांना पेंड घातली, गाठोडं आत आणून भिवराच्या पायाशी ठेवलं. म्हणाला, "सूनबाई, तुझी पोर ठेव गं आमच्याकडं." मग मोठा बुधला खांद्यावर घेतला आणि थोरल्या सुनेला म्हणाला, "पणत्या आण. असतील नसतील तेवढ्या."

उंबऱ्यापासून देवळापर्यंत त्यानं स्वतः पणत्या मांडल्या. वाकवत नव्हतं, तरी वाकला. सगळं नगर पाहायला लोटलं. साळू हातात पणती घेऊन त्या वाटेनं चालली. एकदाही थांबली नाही. दीपमाळेची पहिली पणती तिनं लावली. गर्दीत कुणीतरी विचारलं, "कुणाची गं ही?" आणि म्हातारा सगळ्यांच्या आधी ओरडला, "आमची! आमची आहे!" भिवरा मागं उभी होती. तिला काही म्हणावंच लागलं नाही.

गर्दीच्या कडेला एक म्हातारी उभी होती. एक लेकरू कडेवर, एक बोटाला, एक पदराला. जाता जाता थोरलीला म्हणाली, "पोरीला शेवग्याचा पाला घालत जा, लोणी घालत जा." त्या दिवसापासून थोरली रोज शेवग्याचा पाला खुडी आणि साळूला आपल्या हातानं भरवी. हळूहळू साळूला सांजेचं दिसू लागलं. पण ओसरीतल्या पणत्या काही गेल्या नाहीत. घराची रीत बदलली. तिन्हीसांजेला आधी पोरांच्या वाटेवर दिवा, मग देवळाच्या दिव्याची वाट. देवी रागावली नाही. लेकुरवाळीच ती, कशाला रागावेल?

तिन्ही जावांनी वसा धरला. कुणाचं पोर चावरं, कुणाचं अबोल, कुणाचं रात्री दचकणारं. ज्या त्या आईनं पाट घेतला, पोराएवढी झाली, पाहत बसली. कुणाला लवकर कळलं, कुणाला उशिरा. घर लेकरांनी भरलं, तेलानं भरलं, हसण्यानं भरलं.

जशी जिवतीआई भिवराला पावली, तशी तुम्हा आम्हा पावो. तुमच्या लेकराचं जे तुम्हाला दिसत नाही ते दिसो, आणि चारचौघांत "आमची आहे" म्हणून ओरडायचा दिवस तुमच्या घरी येवो. साठां उत्तरांची होती, पांचा उत्तरी सांगितली, तुमच्या ओटीत सुफळ होवो, इथं संपूर्ण झाली. टाका गं अक्षता.