तराजूने नेलेलं हसू

एका राज्यात वेशीवर एक तराजू टांगलेला होता. दांडी तांब्याची, पारडी चांदीची, आणि दांडीवर बसलेली एक साळुंकी. जो आत येई त्याला ती विचारी, "हातात काय?" जे हातात असेल त्याचा सहावा हिस्सा आपोआप उडून राजाच्या कोठारात जाई. खोटं बोलायची सोय नव्हती. साळुंकीला खोटं ऐकूच येत नसे.

कालकेतू नावाच्या मांत्रिकाने हा तराजू राजाच्या पणजोबांना करून दिला होता. तेव्हा जो तो आपलं आपण वाहून आणी. पणजोबासुद्धा डोक्यावर मोळी घेऊन वेशीतून येत. प्रश्न तेव्हा बरोबर होता. पुढे ज्यांच्याकडे पुष्कळ झालं, त्यांनी हातात धरणंच सोडलं.

त्याच राज्यात शाल्मली नावाची कोष्ट्याची बायको होती. बाप पाठशाळेत पंडित, म्हणून न्याय, व्याकरण सगळं शिकलेली. पण पोर रडते ती भुकेने की पोटदुखीने, हे काही त्या शास्त्रांत सापडत नसे. तिची इरू तान्ही होती. एके सकाळी नवऱ्याने विणलेलं पागोटं विकायला शाल्मली इरूला घेऊन वेशीशी आली.

रीत अशी, की आयांनी पोर अलीकडच्या पायरीवर ठेवायचं, पुढे जायचं, मग शिपायाने ते उचलून द्यायचं. शाल्मलीला पायरी गार वाटली. शिपायाचे हात मळके वाटले. तिने इरूला ठेवलंच नाही.

"हातात काय?"

"पागोटं," ती म्हणाली. आणि खोटं चालत नाही म्हणून पुढे म्हणाली, "आणि माझी मुलगी."

पागोट्याचा पदर उडून गेला. आणि इरूचं हसू गेलं.

शाल्मलीने टाळ्या वाजवल्या, पोटावर फुंकर घातली, तोंड वेडंवाकडं केलं. इरू तिच्याकडे जुन्या कारकुनासारखी बघत राहिली.

"कुणी सांगितलं होतं कवटाळून न्यायला?" शिपाई म्हणाला. "साऱ्या बायका ठेवतात."

'खरंच,' शाल्मलीला वाटलं, 'इतकी शास्त्रं शिकले आणि एक पोर पायरीवर ठेवता आलं नाही.'

तेवढ्यात धनगुप्त शेटजींचा मेणा आला. पुढे-मागे भोई, हमाल, आणि रेशमाने लादलेले बैल. शेटजींनी दोन्ही तळवे उघडून दाखवले. "काही नाही, जा," साळुंकी म्हणाली. बैलांना तर हातच नसतात.

शाल्मलीचा स्वतःवरचा राग तिथेच उलटून फिरला.

"साळुंके! शेटजी कंगाल, आणि माझ्या कडेवर पोर आहे म्हणून मी धनवान?"

"मला विचारायला शिकवलं तेवढंच विचारते, बाई. मीही शापात आहे. कालकेतूची अट अशी: एका कापडावर हळदीचे तीन पंजे आण. सर्वांत रिकामा हात, सर्वांत भरलेला हात, आणि घेणारा हात. ते तोलले, की प्रश्न बदलेल."

शाल्मलीने भुसाऱ्याकडून हळद मागून घेतली, कालवली, पागोटं पसरलं.

"शेटजी, आपला रिकामा हात उमटवाल?"

"अवश्य! पुरावाच होईल," धनगुप्त हसले. "लोकांना वाटतं आम्ही कर चुकवतो. अहो, आमच्यावर तर राज्य चालतं!" आणि एका टोकाला त्यांचा गुबगुबीत पंजा उमटला.

दुसरा पंजा सटवाजी हमालाचा. "थांबा, वहिनी, गाठोडं उतरवू द्या. माल शेटचा, मान माझी. यातलं वेशीवर जे उडून जातं ते शेट माझ्या मजुरीतून कापतो. म्हणजे त्याचा कर मी भरतो, आणि वर रामराम बी मीच घालतो." दुसऱ्या टोकाला त्याचा पंजा उमटला. मधली जागा तिने मोकळी ठेवली.

मग ती दरबारात गेली.

"घेणारा हात?" राजा म्हणाला. "मुली, सर्वांना एकच प्रश्न, एकच हिस्सा. याहून समान काय असतं?"

शाल्मलीचं सारं न्यायशास्त्र ऐन वेळी पळालं.

"महाराज, वादात मी हरेन. आपण फक्त माझ्या मुलीला हसवून दाखवा."

राजाने मुकुट हलवला. गाल फुगवले. अमात्यांनी बकरीचा आवाज काढला. इरू बघत राहिली.

राजाचा चेहरा उतरला. "हे माझ्या कोठारात आहे?"

"सहावा हिस्सा, महाराज. नियमाप्रमाणे."

राजाने हळदीत हात बुडवला आणि पागोट्याच्या मधोमध उमटवला.

सारी सभा वेशीवर आली. शाल्मलीने पागोटं तराजूवर टाकलं: एक टोक या पारड्यात, दुसरं त्या पारड्यात, राजाचा पंजा दांडीवर. धनगुप्तांच्या रिकाम्या हाताचं पारडं असं आदळलं, की खालची फरशी तडकली. सटवाजीच्या भरल्या हाताचं पारडं पिसासारखं वर गेलं. त्यातलं त्याचं काहीच नव्हतं. आणि राजाचा पिवळा पंजा उघडला. त्यातून भाकऱ्यांचे तुकडे बाहेर आले, मडक्यांचे काठ, पागोट्याचा पदर, आणि शेवटी एक इवलंसं हसू. ते इरूच्या ओठांवर येऊन बसलं.

साळुंकीने पंख झाडले. तिचा आवाज बदलला होता. पहिला प्रश्न तिने राजालाच केला, "घरी सगळे जेवून उरतं किती?"

राजाने खरं सांगितलं. कोठार थोडं हलकं झालं, त्याची मानही. सटवाजी म्हणाला, "उरत नाही, माय." साळुंकी म्हणाली, "जा, बाबा."

मग धनगुप्त आले. सवयीने तळवे उघडले.

"ते नाही विचारलं, शेटजी."

शेटजींनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. खोटं साळुंकीला ऐकू येत नव्हतं, आणि खरं शेटजींना बोलवत नव्हतं. ते तोंड बघून इरू जी खिदळली, की अमात्यांची बकरी फुकट गेली.

शाप सरला, राज्य ताळ्यावर आलं. वेशीवरची ती पायरी अजून आहे. तिच्यावर वाटसरू बसतात, कोणी चपला झटकतात. पोर मात्र कोणी ठेवत नाही.