मिटल्या डोळ्यांचे 'सावधान'

'सावधान' या शब्दाची फोड साधी आहे: स आणि अवधान. अवधान म्हणजे मन जागेवर ठेवणे. जिथे पाय उभे आहेत तिथेच चित्त असणे. आज हा शब्द कवायतीत टाचा जुळवण्यापुरता आणि मंगलाष्टकांच्या शेवटी अक्षता टाकण्यापुरता उरला आहे. ती झीज एकवेळ सोसता येईल. पण एका नगराने या शब्दाचा अर्थ नेमका उलटा करून ठेवला होता, आणि त्यापायी एका लेकराचा घात होत होता. ती ही कथा.

पूर्वी कनकतीर्थ नगरीवर दृढकेतू राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व तिथल्या अमात्यकुळात जन्मले होते. त्यांचे नाव ऋजुसेन. राजाला दृष्ट लागण्याचे भारी भय. म्हणून त्याने नियम केला होता, की पालखीपुढच्या भालदाराने 'सावधान!' अशी आरोळी दिली, की प्रजेने हातातले सारे सोडून हात जोडावेत, मान खाली घालावी, डोळे मिटावेत. आणि पालखीमागची घंटा वाजेपर्यंत ते उघडू नयेत. ऋजुसेनांनी भर सभेत याला विरोध केला. राजा नुसता हसला. लोक पुढे इतके सरावले, की 'मी सावध होतो' याचा अर्थच 'माझे डोळे मिटलेले होते' असा झाला.

सणाचा दिवस होता. ऋजुसेन बाजारपेठेच्या वळणावर आले आणि जागच्या जागी थबकले. पेठ माणसांनी फुललेली, पण एकही डोळा उघडा नव्हता. सारे हात जोडून उभे. रस्त्यावर ना पालखी, ना भालदार. हलवायाच्या परातीत तोंड घालून एक कुत्रा निवांत लाडू खात होता.

"अरे, डोळे उघडा!" ऋजुसेन म्हणाले.

"घंटा कुठे झाली अजून?" हलवाई मिटल्या डोळ्यांनीच पुटपुटला.

"घंटा नाही आणि पालखीही नाही. तुझे लाडू मात्र संपत आले आहेत."

तेव्हा डोळे उघडले. आणि पेठेच्या मध्यातून एक किंकाळी उठली. "वेणू! माझी वेणुका कुठे आहे?"

ती अत्तरे विकणारी तरला होती. आरोळी झाली तेव्हा तिच्या हातात सात-आठ वर्षांच्या लेकीचा हात होता. आता तिचे दोन्ही हात एकमेकांना जोडलेले होते, आणि शेजारी कोणी नव्हते.

गर्दी जमली. गर्दीला जीभ लगेच फुटते. "आता रडून काय, बाई? पोरीला बाजारात मिरवायची हौस कोणाची?" शेजारच्या ओट्यावर भांडी विकणारा कासार म्हणाला.

"आणि नटवली किती होती!" मागून एक आवाज.

"सणाला नटवू नको, तर काय राख फासू?" तरला कडाडली. "तुझ्या ओट्यासमोरून नेली तिला, कासारदादा! तू कुठे होतास?"

"मी? मी तर सावध होतो!" कासार छाती काढून म्हणाला. "मला कसे दिसणार?"

ऋजुसेनांच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी माणसे, आणि साक्षीदार एक नाही. वर त्याचा अभिमान! पण त्यांनी तो संताप दाताखाली धरला. "तरला, डोळे मिटले होते. नाक तर उघडे होते ना?"

तिने श्वास आवरला. "वास आला होता. राजाच्या पालखीला कस्तुरीचा येतो. हा राळेचा होता, अमात्य. नावांच्या फटी बुजवतात, त्या राळेचा."

म्हणजे पेठेतली आरोळी खोटी होती, चोरांनीच दिलेली. राळ म्हणजे नावाडी, नावाडी म्हणजे घाट. एकदा नाव सुटली, की मुलगी कोणत्या परमुलखात विकली जाईल याचा ठाव लागणार नव्हता. दोघे घाटाकडे धावले. आणि नेमकी तिथे खरी आरोळी उठली. राजा पर्वस्नानाला निघाला होता.

"सावधान!"

घाटाच्या वाटेवरच्या साऱ्या माना झुकल्या. तरलाचेही हात सवयीने जुळू लागले. तिने ते असे ओढून विलग केले, जणू विंचू झटकला. ऋजुसेनांना कळत होते, की आता बोलले तर पद जाणार आणि न बोलले तर मुलगी. ते घाटाच्या चौथऱ्यावर चढले.

"सावधान!" ते गरजले. "लोकहो, आज तरी या शब्दाचा खरा अर्थ पाळा! माना वर करा! आपल्या शेजारून कोण चालले आहे ते पाहा!"

एक मान उठली, मग दुसरी, मग सगळ्या. लोकांनी राजाची पालखी पाहिली, वाजंत्री पाहिले. आणि मिरवणुकीच्या शेपटाला चिकटून चाललेली एक बंद डोली पाहिली. जिथे एकही डोळा उघडा नसतो, त्याहून सुरक्षित वाट चोराला कोणती?

"त्या भोयांच्या पोटऱ्या पाहा! राळेने माखल्यात!" ओरडला तो कासारच होता.

डोली अडवली गेली. आत तोंडात बोळा कोंबलेली वेणुका होती. लोक भोयांवर तुटून पडले, तेव्हा ऋजुसेन आडवे आले. "आपल्या मिटलेल्या डोळ्यांचा राग यांच्या पाठीवर काढू नका. यांचा न्याय होईल."

राजा पालखीतून खाली उतरला. "माझ्याकडे मान वर करून पाहायला कोणी शिकवले?"

"मी, महाराज."

"मला दृष्ट लागली असती तर?"

"आपल्याला दृष्ट लागू नये म्हणून साऱ्या नगराची दृष्टी गेली. चोरांनी आपला शब्द चोरला नाही, महाराज. तो आपणच त्यांच्या हाती दिला होता."

सूर्यास्तापूर्वी ऋजुसेन पदभ्रष्ट होऊन वेशीबाहेर पडले. पुढच्या पर्वाला भालदाराने आरोळी दिली, पण एकही मान झुकली नाही. मग ती आरोळीच बंद पडली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली, कारण यात्रेत लुटल्या गेलेल्या एका उपासिकेला विहाराच्या दारात लोक बोल लावत होते. कथा संपवून ते म्हणाले, "ही उपासिका तेव्हाची तरला. तिला बोल लावणारे तुम्ही, तेव्हाची ती पेठ. यात्रेचा जो अधिकारी आज 'तिने जपायला हवे होते' म्हणून मोकळा झाला, तो दृढकेतू. आणि ऋजुसेन तो मीच." या कथेचा गुण अप्रमाद, म्हणजे गाफील न राहणे; स्वतःपुरते नव्हे, शेजाऱ्यासाठीही.

लोक ही कथा सांगतात तेव्हा तरला बांगड्या पाहण्यात गुंगली होती असे सांगतात, आणि बाजारात लेकीचा हात सोडू नये असे तात्पर्य काढतात. हे धादांत खोटे आहे. कथेत बांगड्या कुठेच नाहीत. आईने हात सोडला नव्हता. तो हात जोडायला लावून सोडवला गेला होता.