खापरीवरचे कुशल

एकदा एक माणूस लोकांचे कुशल लिहून लिहून दमला. गोष्ट प्राचीन इजिप्तमधली आहे, पण दमणे सगळ्या काळांत सारखेच असल्यामुळे ती समजायला अवघड जाऊ नये.

नील नदीच्या काठी, होड्या लागत त्या घाटाजवळ एक वृद्ध लेखनिक आणि त्याचा शिष्य असे दोघे बसत. शिष्य म्हणजे काही कोवळे पोर नव्हे. चाळिशीला टेकलेला, पाठीला बाक आलेला गृहस्थ होता. गावात लिहिता-वाचता येणारे हे दोघेच. परगावच्या माणसाला निरोप धाडायचा तर लोक फुटक्या मडक्याची खापरी घेऊन यांच्याकडे येत आणि तिच्यावर बोरूने मजकूर लिहून घेत.

त्या लोकांची एक रीत होती. कामाचे बोलण्याआधी समोरच्याचे क्षेम चिंतायचे. त्यासाठी तीन शब्द ठरलेले होते: अंख, उजा, सेनेब. आयुष्य असो, सारे सुरळीत असो, आरोग्य असो. ते लोक स्वर लिहीत नसत, त्यामुळे नेमका उच्चार आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. अभ्यासकांनी चालवून घेतलेला आपणही चालवून घेऊ. या तीन शब्दांपाठोपाठ देवांची नावे येत, तू बरा आहेस ना हे येई, तुला डोळे भरून पाहावेसे वाटते हेही येई. कधी कधी अर्धी खापरी कुशलातच संपे आणि मुख्य काम कडेला दाटीवाटीने बसवावे लागे.

शिष्याला या कुशलाचा अगदी वीट आला होता. आयुष्य असो असे लिहिल्याने कोणाचे आयुष्य वाढल्याचे त्याने पाहिले नव्हते. दिवसाला पंधरा खापऱ्या, आणि पंधरांवर तेच तेच. संध्याकाळी त्याची बोटे आखडत. सुरुवातीला त्याने देवांची नावे गाळली. मग डोळे भरून पाहणे गाळले. पुढे तीन शब्दांच्या जागी नुसत्या तीन खुणा करू लागला. कोणाला कळणार होते? ज्याला वाचता येत नाही त्याला काय गाळले हे दिसत नाही.

एके दिवशी वृद्धाचे डोळे आले होते म्हणून तो घरीच राहिला, आणि नेमकी त्या दिवशी हेनुत नावाची बाई आली. तिचा नवरा नख्त वाळवंटातल्या दगडखाणीत तीन वर्षे राबत होता. नदीला पूर आला की खाणीवरचे दगड घेऊन होड्या निघत आणि मुदत भरलेली माणसे त्यांतून घरी परतत. ज्याला राहायचे असेल तो मुकादमाला सांगून पुढच्या पुरापर्यंत राही. नख्तची मुदत भरत आली होती. तो या पुरात आला नाही तर आणखी एक वर्ष गेले, आणि हेनुतमध्ये आणखी एक वर्ष काढण्याचे बळ उरले नव्हते.

ती पुष्कळ बोलली. सासरे अंथरुणाला खिळलेत, कणगीच्या खोलीची भिंत पडली, खाणीवर नवऱ्याला दगडाच्या धुळीने खोकला होतो तो कसा आहे, रात्री झोप लागते का, विचारा. ऊन चढले होते आणि मागे सहा माणसे ताटकळत उभी होती. शिष्याने मान हलवत ऐकले आणि लिहिले: भिंत पडली आहे. वडील अंथरुणावर आहेत. या पुरात ये. बस. त्या दिवशी त्याने तीन खुणांचाही कंटाळा केला. हेनुत समाधानाने खापरी घेऊन होडीवाल्याकडे गेली.

वीस दिवसांनी उत्तर आले, त्याच खापरीच्या पाठीवर मुकादमाकडून लिहून घेतलेले. वृद्धाने ते हेनुतला वाचून दाखवले. धान्य पाठवतो आहे. भिंतीला माणूस लाव. वडिलांकडे शेजाऱ्यांना बघायला सांग. मी पुढच्या पुरापर्यंत इथेच राहतो.

हेनुत रडली नाही. ती नुसती खाली बसली.

वृद्धाने खापरी उलटली. पुढची बाजू वाचली, शिष्याकडे एकदा पाहिले. त्याने नवी खापरी मागून घेतली. पुरापूर्वीची शेवटची होडी दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीकडे जाणार होती. त्याने हेनुतला नवऱ्याच्या खोकल्याविषयी विचारले, गुडघा कुठला दुखतो ते विचारले, आणि अजूनही सुजलेल्या डोळ्यांनी दोन्ही बाजू भरेपर्यंत लिहीत राहिला. तिन्ही शब्द पुरते, देवांची नावे, खोकला, गुडघा, झोप, डोळे भरून पाहणे. भिंतीचा उल्लेख नाही. वडिलांचा नाही. ‘ये’ हा शब्दसुद्धा नाही.

हेनुत गेल्यावर शिष्याला राहवले नाही. “गुरुजी, शेवटची होडी आहे. त्याला यायला सांगायचं सोडून तुम्ही कुशलच लिहीत बसलात?”

“यायला तू सांगितलं होतंस,” वृद्ध म्हणाला. “आला का?”

शिष्य बोरू पुसू लागला.

“खाणीवर आलेली खापरी मुकादम सगळ्या टोळीसमोर मोठ्याने वाचतो. त्याचे स्वतःचे हुकूमही तो असेच वाचतो. दगड कापा, होडी भरा, उद्या लवकर या. त्या आवाजात नख्तने बायकोचा निरोप ऐकला. त्याला वाटलं, घराला दोन हात हवे आहेत. हात काय, शेजाऱ्याचेही चालतात. म्हणून त्याने धान्य पाठवलं आणि स्वतः राहिला. तो काही चुकला नाही.”

“पण रोज तेच तेच लिहायचं, गुरुजी. त्यात नवीन काय असतं?”

“काहीच नसतं. घरात आलेल्याला आपण पाणी देतो, त्यात तरी काय नवीन असतं? थकलेला माणूस काहीतरी टाकणारच, मी नाही म्हणत नाही. पण तू बघ, आपण काम कधी टाकत नाही. आपण विचारपूस टाकतो, कारण ती टाकली तर आपल्याला कोणी जाब विचारत नाही. जाब तिकडे त्या माणसाच्या मनात राहतो.” एवढे बोलून त्याने ओला फडका डोळ्यांवर घेतला आणि तो भिंतीला टेकून पडून राहिला.

पूर आला. होड्या आल्या. तिसऱ्या होडीतून नख्त उतरला. तो इतका वाळला होता की हेनुतलाही क्षणभर ओळखू आला नाही.

दोन दिवसांनी नवरा-बायको घाटावर आली. वृद्ध नव्हता, शिष्य एकटाच होता. नख्त म्हणाला, ती खापरी त्याने मुकादमाकडून चार वेळा वाचून घेतली, शेवटी मुकादम खेकसला. हे लिहिणारा कोण, त्याच्या पाया पडायचे आहे. शिष्याला गप्प राहता आले असते. या दोघांना काय कळणार होते? पण त्याच्याने राहवेना.

“ती गुरुजींनी लिहिली,” तो म्हणाला. “तिच्या आधीची मी लिहिली. हेनुतने सांगितलेलं सगळं कुशल मी गाळलं. तिने खूप विचारलं होतं.”

हेनुतने चमकून वर पाहिले. नख्तची नजर शिष्याच्या हातांवर गेली. शाईने काळी पडलेली, आखडलेली बोटे त्याला दिसली. दगड फोडणाऱ्याला असले हात ओळखता येतात.

“फार दमला होतास का रे?” त्याने विचारले. “आता बरा आहेस ना?” आणि हात जरा वर करून तो म्हणाला, “अंख, उजा, सेनेब.”

हे तीन शब्द शिष्याने आयुष्यात हजारो वेळा लिहिले होते. ते आपल्यालाच उद्देशून आले तर काय उत्तर द्यायचे, हे त्याला आठवेना. त्याने बोरू खाली ठेवला आणि दोघांना बसायला चटई पुढे केली.