येसूची सारंगी

ऐका, लहानथोरांनो, ही फार जुन्या काळची गोष्ट. एका राज्यात नदीकाठी मोठं विद्यापीठ होतं. तिथल्या राणीला संगीताचं वेड. जो तिच्या वाद्यवृंदात वाजवील, त्याला हवी ती विद्या फुकट शिकता येई, राहणं-जेवण राजवाड्याकडून.

येसू नावाच्या कोष्ट्याच्या लेकीला वैद्य व्हायचं होतं. तिची आई साध्या तापानं गेली होती, कारण पाच गावांत वैद्य नव्हता. बापाची शिकवायची ऐपत नव्हती. वाद्य हाच एक रस्ता होता.

"वीणा शीक," मामा म्हणाला. "गेल्या साली पाटलाची लेक वीणेवरच निवडली गेली. आता सगळा गाव वीणा शिकतोय."

"सगळा गाव शिकतोय, तर मामा, माझी पाळी कधी यायची?"

बाप लुगडी विकायला राजधानीला निघाला, तेव्हा तीही गेली. दिवसभर मंडपाबाहेर बसून तिनं वाद्यवृंदाचा सराव ऐकला. वीणा वीस होत्या, बासऱ्या पंधरा. सारंगी एकच, तीही एका थकल्या म्हाताऱ्याच्या हातात.

सराव संपल्यावर ती त्या म्हाताऱ्याच्या पाया पडली. "आजोबा, मला सारंगी शिकवाल?"

"सारंगीच का गं?"

"तुमच्यामागे कोणी नाही. मला विद्यापीठात जागा हवी आहे."

आजोबा खो खो हसले. "खरं बोललीस! पण जागा रिकामी का, ते ठाऊक आहे? तार नखाच्या मुळाशी दाबावी लागते. रक्त येतं. माझे सात शिष्य पळाले."

"मी आठवी. मी नाही पळायची."

येसू आजोबांच्या घरीच राहिली. पहिलं वर्ष नुसती करकर. बोटं सुजत, शेजारी दारं लावून घेत. दुसऱ्या वर्षी एका सकाळी अचानक एक सूर खरा लागला. येसू तोच सूर दुपारपर्यंत वाजवत राहिली. चुलीवरचा भात करपून गेला. त्या दिवसापासून वाजवताना तिला जागेची आठवण होईना.

तिसऱ्या वर्षी निवड झाली. वीणेच्या एका जागेला साठ जण. सारंगीला दोघंच: येसू आणि सरदाराचा मुलगा. तिथे गर्दी नाही हे कळल्यावर त्यानं दोन महिन्यांपूर्वी सारंगी धरली होती आणि एक धून घोटली होती.

राणीनं गायिकेला बोलावलं. "ही गाईल. तुम्ही तिच्या मागोमाग वाजवा."

सरदाराचा मुलगा दुसऱ्याच तानेला अडकला. येसूनं कान गायिकेकडे लावले. ती आवाजाच्या मागे चालत राहिली. शेवटी गायिकाच थांबली आणि ऐकत बसली.

जागा येसूला मिळाली.

"इथे गर्दी नाही हे तुला कसं कळलं?" सरदाराच्या मुलानं विचारलं.

"ते तर तुलाही कळलं होतं," येसू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी येसू वैद्यशाळेत गेली, आणि सरदाराचा मुलगा आजोबांच्या दारात जाऊन बसला.

तात्पर्य: रिकामी जागा डोळ्यांना दिसते, पण ती मिळते मेहनती हातांनाच.