समुद्राच्या मांडीवरचं गोड पाणी

एक होता राजा. त्याचं राज्य एका जागी नव्हतं, बरं का. निळ्या परातीत कुणी मूठभर तांदूळ उधळावेत, तशी समुद्रात त्याची बेटं. पोवळ्याच्या खडकावर बसलेली, पांढऱ्या वाळूची, आणि इतकी बुटकी की माडावर चढलं तरच पलीकडचं बेट दिसायचं.

“आणि नदी?”

नदी कुठली, चिमे? डोंगरच नाही, तर नदी उतरणार कुठून? थंडीसुद्धा नाही. तिथे गोधड्या विकायला गेलीस तर उपाशी मरशील! अर्धं वर्ष पश्चिमेचा वारा पाऊस आणायचा, अर्धं वर्ष उलटा वारा वाळू तापवायचा. लोक वाळूत गुडघाभर खड्डा करायचे, की खाली गोड पाणी. करवंटीनं घ्यायचं आणि प्यायचं.

मग एका वर्षी पावसाला उशीर झाला. खड्डे आटायला लागले. राजाचा म्हातारा प्रधान मोठ्या मुलुखातून आलेला. तो म्हणाला, “महाराज, खड्डे कसले उकरता? आमच्याकडे विहीर असते. जितकी खोल, तितकं पाणी.”

मग खणली विहीर. कंबरभर खणली, पाणी गोड. “अजून खोल,” प्रधान म्हणाला. डोकं बुडेल इतकी खणली, पाणी मचूळ. “अजून खोल!” शिडी लागेल इतकी खणली. पाणी खारट, थू! आणि आजूबाजूचे खड्डेही खारट झाले.

राजा रडकुंडीला आला. म्हणाला, “होड्या काढा. प्यायला पाणी नाही, आता बेटं सोडायची.”

सगळे गाठोडी बांधायला लागले. एकटी पोवळी म्हणाली, “मी नाही जाणार.” पोवळी म्हणजे नावाड्याची पोर, तिखट मिरची. ती तरातरा शिडीवरून विहिरीत उतरली आणि पाण्याला कान लावून बसली. तेव्हा आतून जाड आवाज आला. “कोण टोचतंय मला?”

तो समुद्र होता, बरं का!

पोवळी म्हणाली, “आम्हाला गोड पाणी हवंय. तू मध्ये का आलास?”

“मी कुठे आलो? तुम्हीच माझ्यापर्यंत आलात,” समुद्र म्हणाला. “पावसाचं पाणी वाळूतून खाली उतरतं. मी जड, ते हलकं. मी त्याला मांडीवर घेऊन निजवतो. तुम्ही वरवरचं घ्यायचं, तर त्याला भोसकून पार माझ्या पोटात शिरलात!”

पोवळी वर आली. “विहीर बुजवा,” म्हणाली.

प्रधान चिडला. “गप गं, कार्टे! उथळ पाण्याला खळखळाट फार!”

“आजोबा, आपल्याला उथळच पाणी हवंय. तुम्ही आता खोलात शिरू नका!”

राजाला रडता रडता हसू फुटलं. त्यानं स्वतः वाळूची पहिली पाटी विहिरीत ओतली. सगळ्यांनी मिळून विहीर बुजवली. गाठोडी तशीच दारात ठेवली आणि शहाळी पिऊन पावसाची वाट पाहिली. प्रधान रोज म्हणायचा, “बघा हं, जावंच लागणार.”

मग पश्चिमेचा वारा आला. पाऊस पडला, पडला आणि पडतच राहिला. वाळू निवांत पीत राहिली. आभाळ उघडल्यावर पोवळीनं हातानं गुडघाभर खड्डा केला. झिरप, झिरप, झिरप, पाणी आलं. तिनं पहिली करवंटी प्रधानासमोर धरली.

त्यानं घोट घेतला. मग सावकाश दुसरा. मग करवंटी पालथी करून म्हणाला, “अजून दे.”

“अजून खोलातलं?”

“नाही गं बाई,” प्रधान म्हणाला, “हेच.”

लोकांनी गाठोडी सोडली. ती माणसं आपल्या बुटक्या बेटांवर सुखात राहिली. आता चिमे, पाय आत घे. वाराही मंदावलाय. मीट बघू डोळे.